लांबट तळ्यांचा रोख

गॅलक्सीला आपण मराठीत ‘दीर्घिका’ म्हणतो. शब्द जुना आहे आणि मूळचा आकाशातला नाही. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. खगोलशास्त्राने हा शब्द उचलला तेव्हा त्याच्याबरोबर एक गोष्ट आपसूक आली. गोल विहिरीला रोख नसतो. लांबट तळ्याला असतो. ते पूर्व-पश्चिम पसरले आहे की दक्षिणोत्तर, हे काठावर उभा राहिलेला कोणीही सांगू शकतो.

या प्रस्तावनेचा विषय तोच आहे. आकाशातल्या या तळ्यांचे रोख कुठे आहेत? आणि जिथे ती शेकड्यांनी, हजारांनी एकत्र नांदतात त्या दीर्घिकासमूहांत या रोखांमध्ये काही मेळ आहे, की ज्याचे त्याचे तोंड वाटेल तिकडे? शास्त्रीय परिभाषेत याला दीर्घिकांची अभिमुखता म्हणतात. प्रश्न एका ओळीत मावतो, पण त्याच्या उत्तराचा शोध शंभर वर्षे चालू आहे. या काळात अनेकदा उत्तर सापडले असे वाटले आणि अनेकदा ते हातातून निसटले. या निसटण्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणूनच विषय थोडा आडवाटेचा असूनही वाचकांनी त्याला काही संध्याकाळी द्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

आधी जागा पाहून घेऊ. चैत्र-वैशाखातल्या रात्री महाराष्ट्रातून पाहिले तर सिंहाच्या शेपटीकडची उत्तरा फाल्गुनी डोक्याच्या जवळपास येते आणि दक्षिणेला चित्रा चमकत असते. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला, कन्या राशीच्या वरच्या भागात, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ रिकामा वाटणारा एक पट्टा आहे. कन्या समूह तिथे आहे: सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षे दूर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा. त्याच्या मध्यभागी एम ८७ ही प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिका बसली आहे. २०१९ साली ज्या कृष्णविवराचे पहिले चित्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकले, ते हिच्याच पोटातले. आणखी उत्तरेला, अरुंधती केश या तारकासमूहात, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर केश समूह आहे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी तिथल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर इतक्या वेगाच्या दीर्घिका एकत्र राहूच शकणार नाहीत, तेव्हा न दिसणारे द्रव्य तिथे असले पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला. कृष्णद्रव्याची कथा तिथून सुरू होते. कन्या आणि केश ही दोन ठिकाणे लक्षात असू द्या. आपण पुन्हा तिकडे येणार आहोत.

समूह विश्वात सुटेसुटे टांगलेले नाहीत. दीर्घिका मोठमोठ्या तंतूंवर आणि भिंतींवर वसलेल्या आहेत, मधे विस्तीर्ण पोकळ्या आहेत, आणि जिथे अनेक तंतू एकत्र येतात त्या गाठींवर समूह आहेत. कित्येक समूह मिळून महासमूह होतो. पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांतील संशोधकांनी २०१७ साली जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा असाच एक महासमूह. तो ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा आहे. अभिमुखतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो या जाळ्यामुळे. जाळ्याला दिशा आहेत. त्यात जन्मलेल्या दीर्घिकेला त्या दिशांची काही खूण राहिली असेल का?

कोकणातल्या खाडीत नांगरून ठेवलेल्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील. भरतीचे पाणी आत येऊ लागले की त्या सावकाश फिरतात आणि सगळ्यांची नाळ एकाच दिशेला होते. किनाऱ्यावरच्या माणसाला पाण्याचा ओघ दिसला नाही तरी होड्यांवरून तो कळतो. दीर्घिकांच्या रोखाकडे पाहणारा संशोधक होड्यांवरून पाणी ओळखू पाहतो. कृष्णद्रव्याचा ओघ दिसत नाही. दिसतात त्या त्यावर तरंगणाऱ्या उजळ दीर्घिका.

भरतीचा हा दाखला मी केवळ शोभेसाठी दिलेला नाही. दीर्घिका स्वतःभोवती फिरतात त्या का, याचे आज सर्वमान्य असलेले उत्तर भरती-ओहोटीच्याच बलावर उभे आहे. १९४९ साली फ्रेड हॉयल यांनी असा विचार मांडला, की जन्माला येणाऱ्या दीर्घिकेचा वायूचा ढग पुरता गोल नसतो, शेजारचे वस्तुमान त्याच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंना वेगवेगळे ओढते, आणि त्या पिळामुळे त्याला गिरकी मिळते. हॉयल यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुढे आयुकाचे संस्थापक-संचालक झालेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांचेच विद्यार्थी. हॉयल यांच्या या कल्पनेला १९६९ साली जेम्स पीबल्स यांनी नेमके गणिती रूप दिले. पीबल्स यांना २०१९ साली नोबेल मिळाले, ते विश्वरचनाशास्त्रातल्या त्यांच्या एकूण कामासाठी.

त्या काळी याला प्रतिस्पर्धीही होते. आदिम विश्वात भोवरे होते आणि दीर्घिकांची गिरकी हा त्यांचा वारसा, असे एक मत होते. याकोव झेल्दोविच यांचे दुसरे मत असे, की द्रव्य आधी चपट्या पापुद्र्यांत कोसळते आणि त्यांचे तुकडे होऊन दीर्घिका बनतात. या पापुद्र्यांना शास्त्रज्ञांनीच ‘पॅनकेक’ म्हटले, तेव्हा आपण धिरडे म्हणायला हरकत नाही. भोवरा खरा असेल तर दीर्घिकांचे फिरण्याचे अक्ष महासमूहाच्या पातळीला काटकोनात असायला हवेत. धिरडे खरे असेल तर अक्ष त्या पातळीतच आडवे पडायला हवेत. आणि लहानातून मोठे होत जाणारी रचना खरी असेल तर अक्षांना फारशी शिस्त नसावी. विश्व कसे घडले याचा निवाडा कोनमापकाने करता येईल, ही आशा त्या पिढीला किती मोहक वाटली असेल याची कल्पना करा. निवाडा पुढे मुख्यतः वेगळ्याच पुराव्यांवर झाला आणि लहानातून मोठे हीच बाजू टिकली, पण कोनमापक कोणी खाली ठेवला नाही.

आता मोजमापाकडे. इथे वाचकांनी घाई करू नये, कारण या विषयातले निम्मे वाद याच पायरीवर जन्मतात.

सर्पिल दीर्घिका ही थाळी समजा. समोरून पाहिली तर गोल, कडेने पाहिली तर रेघ, तिरकी धरली तर लंबवर्तुळ. छायाचित्रात आपल्याला दोन गोष्टी मिळतात. दीर्घ अक्ष आकाशात कोणत्या दिशेला आहे हा स्थितिकोन. तो उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात. (आकाशाच्या चित्रात उत्तर वर धरली तर पूर्व डाव्या हाताला येते, नकाशाच्या उलट. नवखा माणूस इथे हमखास चुकतो.) दुसरी गोष्ट लांबी-रुंदीचे गुणोत्तर. त्यावरून थाळी किती कललेली आहे हे काढता येते. मात्र थाळीलाही जाडी असते, ती साधारण व्यासाच्या एक पंचमांश धरून हिशेब करण्याची प्रथा आहे. इतके हाती आले तरी थाळीची कोणती कड आपल्या जवळ आणि कोणती लांब, हे चित्र सांगत नाही. ती कोणत्या बाजूने फिरते तेही नाही. दोन गुणिले दोन, म्हणजे एका चित्राला चार उत्तरे. देवयानीसारख्या जवळच्या दीर्घिकेत धुळीचे पट्टे आणि वर्णपट यांच्या मदतीने खरे उत्तर निवडता येते. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या, चार ठिपक्यांएवढ्या दीर्घिकेत ते जमतेच असे नाही.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांची गोष्ट आणखी वेगळी. त्या थाळीसारख्या नाहीत, कैरीसारख्या आहेत: लांबी, रुंदी, जाडी तिन्ही निरनिराळ्या असू शकतात. कैरीची सावली भिंतीवर पाडा आणि कैरी हातात फिरवत राहा. सावलीचा लांब अक्ष दर वेळी बदलेल. आपल्याला आकाशात फक्त सावली मिळते. म्हणून एकेका दीर्घिकेबद्दल ठाम बोलण्याऐवजी या क्षेत्रातले लोक शेकडो सावल्यांची सरासरी काढतात, आणि ती सरासरी निव्वळ योगायोगापेक्षा वेगळी आहे का, एवढेच विचारतात.

या सगळ्या धुक्यात एक गोष्ट मात्र लख्ख आहे. १९५८ साली जॉर्ज आबेल यांनी पालोमार सर्वेक्षणाच्या छायाचित्रांवरून २७१२ समूहांची यादी प्रसिद्ध केली. त्यातल्या मोजक्या समूहांवर काम करताना जी. एन. शास्त्री यांना १९६८ साली दिसले, की समूहाच्या मध्यातली महाकाय दीर्घिका ज्या दिशेला लांबट आहे, त्याच दिशेला सगळा समूहही लांबट आहे. या दोन आकारांत किती तफावत आहे याचा विचार करा. मधली दीर्घिका काही लाख प्रकाशवर्षांची, समूह तिच्या कित्येक पट मोठा. तरी दोघांचा रोख एक. जणू वाड्याच्या देवघरातला चौरंग ज्या दिशेला मांडला आहे, त्याच दिशेला अख्खे गाव पसरावे.

१९८२ साली ब्रुनो बिंगेली यांनी आबेल यादीतले ४४ समूह तपासले. शास्त्रींचे निरीक्षण टिकलेच, शिवाय बिंगेलींना आणखी एक गोष्ट दिसली: समूह स्वतः जवळच्या शेजारी समूहाकडे रोखलेला असतो. हे वाचून अनेकांनी कान टवकारले. तीन वर्षांनी स्ट्रबल आणि पीबल्स यांनी कितीतरी जास्त समूहांवर तीच कसोटी लावली, तेव्हा शेजाऱ्याकडे पाहण्याचा हा कल फारच फिका निघाला. पुढच्या काळात, अधिक चांगल्या माहितीवर, तो पुन्हा उभा राहिला. या येण्याजाण्याला कंटाळू नये, अशी वाचकांना विनंती आहे. मध्यवर्ती दीर्घिका आणि समूह यांचा मेळ मात्र प्रत्येक फेरीत टिकून राहिला. मायकेल वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हबल दुर्बिणीतून ६५ दूरस्थ समूह पाहिले, तर विश्व आजच्या वयाच्या एक तृतीयांश होते तेव्हाही हा मेळ तयार झालेला दिसला. म्हणजे सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वीची ही घडण आहे.

आपल्या सर्वांत जवळच्या मोठ्या समूहातही हेच दिसते. कन्या समूहातल्या तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका त्रिमितीत जवळजवळ एका रेषेत ओवलेल्या आहेत, आणि ती रेषा पुढे वाढवली तर आबेल १३६७ या समूहाच्या दिशेने जाते, असे वेस्ट आणि जॉन ब्लेकस्ली यांनी २००० साली दाखवले. त्याच तंतूवर आणखी पुढे केश समूह आहे. आपण ही रेषा जवळपास टोकाकडून पाहतो, म्हणून चित्रात ती आहे त्यापेक्षा आखूड भासते.

असे का व्हावे? दोन कारणे सांगितली जातात आणि दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. समूहाला मिळणारे द्रव्य सगळीकडून सारखे येत नाही. ते तंतूवरून, ठरावीक वाटांनी येते. मध्यवर्ती दीर्घिका त्याच वाटेने येणाऱ्या दीर्घिका गिळून वाढते, तेव्हा ती त्या वाटेच्या दिशेला लांबट होणार. शिवाय तिच्याभोवतालचे कृष्णद्रव्य स्वतःच त्या दिशेला ताणलेले असते आणि तिला त्या रोखात धरून ठेवते.

आता समूहातल्या बाकीच्या शेकडो दीर्घिका. त्यांच्या बाबतीत कथा इतकी सरळ नाही, आणि मला स्वतःला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. समूहात दीर्घिका सेकंदाला सुमारे १००० किलोमीटर वेगाने धावत असतात. समूह एकदा ओलांडायला साधारण १०० कोटी वर्षे लागतात. समूहाच्या आजवरच्या आयुष्यात या गर्दीत अनेक फेऱ्या, अनेक धक्के झालेले असतात. जन्मवेळी काही शिस्त असलीच तरी ती विस्कटायला हवी. उलट बाजूने असाही युक्तिवाद आहे, की चंद्र जसा भरती-ओहोटीच्या बलामुळे पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो, तशा समूहाच्या मध्याभोवती फिरणाऱ्या दीर्घिकांचे लांब अक्ष हळूहळू मध्याकडे वळावेत. म्हणजे रोख दिसलाच तर तो जन्माचा की संगतीचा, हा नवा प्रश्न.

केश समूहात असा किंचित कल असल्याची खूण हॉली आणि पीबल्स यांना १९७५ सालीच दिसली होती. २००५ साली मारिया परेरा आणि जेफ्री कून यांनी स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या विपुल माहितीतून दाखवले, की समूहातल्या दीर्घिका खरोखरच मध्याकडे रोखलेल्या आहेत. प्रश्न सुटला असे वाटले. मग २०११ साली जियांगांग हाओ आणि सहकाऱ्यांनी तेच सर्वेक्षण दोन पद्धतींनी मोजले. दीर्घिकेची अंधूक बाहेरची कड धरून रोख काढला तर मध्याकडचा कल ठळक दिसे. सबंध आकारावर प्रतिकृती बसवून काढला तर तो जवळजवळ नाहीसा होई. संशय गेला मध्यवर्ती महाकाय दीर्घिकेवर. तिचा मंद उजेड फार दूरवर पसरलेला असतो. शेजारच्या दीर्घिकेची मध्याकडची कड या उजेडात मिसळते, आणि ती आहे त्यापेक्षा त्या बाजूला लांब झाल्यासारखी दिसते. दिवाणखान्यातला मोठा दिवा लागलेला असताना कोपऱ्यातल्या समईच्या ज्योतीचा आकार काढण्यासारखे आहे हे. २०१५ साली क्रिस्टोबाल सिफोन आणि सहकाऱ्यांनी ९० समूहांतल्या सुमारे १४ हजार सदस्य दीर्घिका काळजीपूर्वक तपासल्या आणि मध्याकडचा कल आढळत नाही असे नोंदवले.

दुर्बीण फसते तसा डोळाही फसतो. २००७ साली सुरू झालेल्या ‘गॅलक्सी झू’ या उपक्रमात हजारो हौशी लोकांनी घरबसल्या लाखो दीर्घिकांची चित्रे पाहून त्यांचे प्रकार लावले. सर्पिल दीर्घिका घड्याळाच्या दिशेने वळलेली आहे की उलट, हेही त्यांना सांगायचे होते. उलट वळणाच्या दीर्घिका जास्त भरल्या. विश्वालाच डावे-उजवे आहे की काय? आयोजकांनी एक साधी युक्ती केली: काही चित्रे आरशातल्यासारखी उलटवून पुन्हा लोकांसमोर ठेवली. विश्वात खरेच उलट वळणे जास्त असती, तर आता सुलट वळणे जास्त भरायला हवी होती. पुन्हा उलटच जास्त भरली. पक्षपात आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्याचा होता. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने ही आरशाची युक्ती पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी.

सर्पिल दीर्घिकांच्या फिरण्याच्या अक्षांवर काम करणारी एक चिवट परंपराही आहे. आपल्या शेजारी, नेपाळच्या त्रिभुवन विद्यापीठात, बिनिल आर्याल यांनी आबेल समूहांतील दीर्घिकांच्या अक्षांचा अभ्यास अनेक वर्षे केला. सुरुवातीचे काम वॉल्टर साउरर यांच्याबरोबरचे. मोठ्या खर्चाची दुर्बीण नसताना प्रसिद्ध सर्वेक्षणांच्या आधारे, गणिताच्या जोरावर हे काम होऊ शकते, हे मला फार मोलाचे वाटते. तरीही नवख्या वाचकाने सुरुवात अक्षांपासून करू नये, असे माझे मत आहे. तिथे चार उत्तरांची गुंतागुंत आहे, आणि कोणत्या दीर्घिका यादीत आल्या व कोणत्या सुटल्या याचा परिणाम निष्कर्षावर फार पडतो. मध्यवर्ती दीर्घिकेपासून सुरुवात करा. पाय टेकायला तिथे जमीन आहे.

हा विषय एके काळी थोड्या हौशी मंडळींचा होता. गेल्या पंचवीस वर्षांत त्याला अचानक गिऱ्हाईक वाढले, आणि तेही अनपेक्षित दिशेने. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या कृष्णद्रव्याजवळून येताना किंचित वाकतो आणि त्यांचे आकार साधारण एक टक्क्याने ताणले जातात. लाखो दीर्घिकांच्या आकारांची सरासरी काढून या ताणावरून कृष्णद्रव्याचा नकाशा काढता येतो. पण त्यासाठी एक गृहीत लागते: मुळात दीर्घिकांचे रोख एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. ते तसे नसतील तर नकाशा चुकतो. युरोपची युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेली, चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये आली; दोघींच्या हिशेबात दीर्घिकांच्या स्वतःच्या रोखाची वजावट हा मोठा रकाना आहे. शास्त्रींनी काचेच्या पट्ट्यांच्या जमान्यात ज्याकडे कुतूहलाने पाहिले, ते आज कृष्णद्रव्य मोजणाऱ्यांना टाळता येत नाही.

पुढे वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करून पाहावा. केश समूहाचे चित्र सहज मिळते. ते कागदावर छापून घ्या. मधोमध दोन महाकाय दीर्घिका दिसतील, एनजीसी ४८८९ आणि एनजीसी ४८७४. कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि ४८८९ चा स्थितिकोन मोजून कुठेतरी लिहून ठेवा. आठवड्याने कागद उलटा धरून, आधीचा आकडा न पाहता, पुन्हा मोजा. दोन आकड्यांत जो फरक येईल तो तुमचा स्वतःचा आहे, दीर्घिकेचा नाही. दोन दिशांमधला कोन शून्य ते नव्वद अंशांत मोजला आणि मेळ मुळीच नसला, तर पुष्कळ समूहांची सरासरी ४५ अंश येते; शास्त्री आणि बिंगेली त्या ४५ पासूनचे अंतर शोधत होते. मग ४८७४ कडे वळा. ती जवळजवळ गोल आहे. कोनमापक कुठे टेकवायचा हे तुम्हाला ठरवता येणार नाही, आणि पेन्सिल बराच वेळ कागदावर अधांतरी राहील.